जैनाबादच्या कमानी आणि नवशिक्याचा कॅमेरा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

तापी नदीच्या उत्तर तीरावर बऱ्हाणपूर आणि समोर दक्षिण तीरावर जैनाबाद अशी ही दोन जोडगावे आहेत. फारुकी घराण्यातील नासीर खानाने ती वसविली आणि दोन सत्पुरुषांची नावे त्यांना दिली. एक शेख बुऱ्हाणुद्दीन, दुसरे शेख जैनुद्दीन. या दोघांचेही दर्गे आपल्या खुलताबादेस आहेत, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांस ठाऊक असेलच. पुढे बऱ्हाणपूर वाढले, त्याचा तट झाला, राजवाडा झाला, बाजार झाला. जैनाबाद मात्र मागे राहिले. तेथे मोगलांचा एक बाग आणि मृगयेचे रान होते. त्यातील इमारतीस आहुखाना, म्हणजे हरिणांचे घर, असे म्हणतात. १७ जून १६३१ रोजी शहाजहानची राणी मुमताजमहल बऱ्हाणपुरात आपल्या चौदाव्या बाळंतपणात निवर्तली, तेव्हा तिचा देह प्रथम याच जैनाबादच्या बागेत ठेवण्यात आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो आग्र्यास नेण्यात आला. आग्र्याच्या त्या कबरीची छायाचित्रे आज जगात किती आहेत याची गणती करणे शक्य नाही. जैनाबादच्या या पहिल्या जागेची मात्र धड अशी चित्रे फार थोडी.

याचे एक कारण असे की, जो कोणी प्रवासी भुसावळ अथवा खंडव्याकडून येऊन, नदी ओलांडून येथवर पोहोचतो, तो बहुधा भर दुपारी पोहोचतो. पडझड झालेल्या कमानींसमोर उभा राहून तो खिशातला मोबाइल काढतो, खटका दाबतो आणि परत फिरतो. घरी गेल्यावर पाहतो तो काय, आकाश पांढरेफटक आणि कमानी कोळशासारख्या काळ्या! कमानीच्या आत भिंतीवर जो गिलावा आणि जी नक्षी डोळ्यांना स्पष्ट दिसत होती, तिचा चित्रात मागमूसही नाही. मग तो म्हणतो, कॅमेरा हलका आहे, महागडा घ्यावयास हवा. पण महागड्या कॅमेऱ्यानेही त्याच वेळी, त्याच जागेवरून आणि तशाच घाईने टिपलेले चित्र बहुधा तसेच येईल. येथे जे घडले ते उजेडाच्या संबंधात घडले.

मनुष्याचा डोळा फार चतुर आहे. उन्हातून तो सावलीकडे वळला की बाहुली मोठी होते, मेंदू आपला हिशेब बदलतो आणि दोन्हीकडचे तपशील जुळवून एक सलग दृश्य तयार होते. कॅमेऱ्याला ही सोय नाही. एका क्षणी, एका चित्रात, तो उजेडाचा एकच हिशेब मांडतो. उन्हातील भिंत आणि कमानीच्या आतील काळोख यांच्या उजेडात शंभरपटीचे, कधी त्याहूनही अधिक अंतर असते. तेव्हा दोहोंपैकी एकाला न्याय मिळाला की दुसऱ्यावर अन्याय होतो. छायाचित्रणाचा सगळा अभ्यास या तडजोडीभोवती फिरतो, आणि पूर्वीची फिल्म जाऊन आजचे डिजिटल तंत्र आले तरी ती तडजोड सुटलेली नाही.

डिजिटल तंत्र म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. फिल्मच्या जागी येथे सिलिकॉनची एक चिमुकली चकती असते. तिला संवेदक म्हणू. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घर आपल्यावर पडलेल्या उजेडाच्या प्रमाणात विद्युत्भार साठविते, आणि त्या भाराचे मोजमाप आकड्यात होते. या विद्येचा पाया १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी घातला. त्याबद्दल २००९ च्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला हाती धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळविला. हाती धरण्याजोगा म्हणावयाचे एवढेच, कारण त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. त्यात अवघी दहा हजार घरे होती आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. ही घरे स्वतः रंग ओळखीत नाहीत. त्यांच्यावर रंगीत गाळण्या बसविलेल्या असतात. चारांपैकी दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी, ही मांडणी ब्राइस बेयर या कोडॅकच्याच संशोधकाची. आपली नजर हिरव्या रंगाच्या आसपास अधिक तीक्ष्ण असते, म्हणून हिरव्याला दुप्पट मान.

या घरांच्या संख्येलाच पिक्सेल म्हणतात आणि दुकानदार प्रथम तोच आकडा पुढे करतो. नवशिक्याने येथे सावध असावे. सहा हजार गुणिले चार हजार म्हणजे चोवीस दशलक्ष पिक्सेलचे चित्र उत्तम छपाईत वीस इंच लांब आणि तेरा इंच रुंद होते. बारा दशलक्षांचेही तेरा इंच बाय दहा इंच होते. दिवाणखान्यात टांगावयास याहून मोठे चित्र कितीजणांस लागते? खरा प्रश्न घरे किती हा नसून ती किती ऐसपैस आहेत हा होय. मोठ्या कॅमेऱ्याचा संवेदक ३६ मिलिमीटर बाय २४ मिलिमीटर असतो. चांगल्या मोबाइलमध्येही तो सुमारे दहा बाय सातच असतो, म्हणजे क्षेत्रफळाने बारावा हिस्सा. पावसात परात आणि वाटी शेजारी ठेवली तर पाणी कोठे अधिक जमेल हे सांगावयास नको. काळोखात मोबाइलचे चित्र रवाळ आणि चिखलट का दिसते याचे उत्तर यात आहे.

असे असले तरी आरंभ करणाऱ्याने मोबाइलला नाक मुरडू नये. उजेड पुरेसा असेल तर तो उत्तम काम देतो आणि नेहमी जवळ असतो. पुढे गोडी वाढली, तर भिंग बदलता येणारा एखादा साधा कॅमेरा घ्यावा, आणि तो जुना, दुसऱ्याच्या हातचा मिळाला तरी चालेल. पूर्वी अशा कॅमेऱ्यांच्या पोटात एक आरसा असे. आता बिनआरशाच्या जाती अधिक निघतात आणि त्यामुळे आरशाचे कॅमेरे स्वस्तात मिळू लागले आहेत. शिकण्याच्या दृष्टीने दोहोंत फारसे अंतर नाही. पैसे मोजावयाचे ते भिंगासाठी आणि एका मजबूत ट्रायपॉडसाठी मोजावेत. कॅमेरा पाचसात वर्षांत जुना होतो. नीट राखलेले भिंग मात्र दीर्घकाळ टिकते. ट्रायपॉड हलका आणि लटपटणारा घेण्यापेक्षा न घेतलेला बरा. तसला असेल तर त्यापेक्षा भिंतीचा कठडा अथवा तांदळाची छोटी पिशवी अधिक उपयोगी पडते.

आता कॅमेऱ्याच्या त्या तीन किल्ल्यांकडे वळू, ज्यांच्यावाचून पुढचे काही कळणार नाही. पहिली किल्ली भिंगातील छिद्र. ते लहानमोठे करता येते. त्याचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि प्रत्येक पायरीस उजेड निम्मा होतो. आकडा मोठा तितके छिद्र लहान, हा उलटा हिशेब नवशिक्यास प्रथम बुचकळ्यात पाडतो. पण तो भागाकार आहे हे ध्यानात घेतले की कोडे सुटते. ५० मिलिमीटरच्या भिंगाला २ ने भागले तर छिद्र २५ मिलिमीटरचे, १६ ने भागले तर जेमतेम तीन मिलिमीटरचे. दुसरी किल्ली झडप, म्हणजे शटर. ते सेकंदाच्या कितव्या भागापुरते उघडे राहते यावर हालचाल गोठते की फरफटते हे ठरते. तापीतील नाव १/५०० सेकंदात स्थिर दिसेल. तेच वाहते पाणी अर्धा सेकंद टिपले तर ते रेशमासारखे ओघळेल, पण मग कॅमेरा मात्र दगडासारखा स्थिर हवा. तिसरी किल्ली संवेदनशीलता. तिचे आकडे १००, २००, ४०० असे दुप्पट होत जातात. ती वाढविली की अंधारातही चित्र येते, पण सोबत रवाळपणाही येतो.

या तिन्हींचा मेळ कसा घालावा याची एक जुनी रीत फिल्मच्या काळापासून चालत आली आहे. स्वच्छ ऊन असेल, संवेदनशीलता १०० असेल, तर छिद्र १६ आणि वेळ १/१२५ सेकंद. छिद्र एक पायरी उघडून ११ केले तर वेळ निम्मी, म्हणजे १/२५० करावयाची. ८ केले तर १/५००. उजेड तितकाच, परंतु चित्र निराळे. कारण छिद्र मोठे असता मागचे दृश्य पुसट होते आणि लहान असता जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट राहते. मोबाइलच्या चिमुकल्या भिंगात सगळेच स्पष्ट असते. माणसामागे जो धूसरपणा दिसतो तो तेथे बहुतांशी गणिताने रंगविलेला असतो, आणि म्हणूनच कधी कधी आजोबांच्या पगडीचा तुरा अथवा लहान मुलीचा कानही धुरात विरून जातो!

पण हे सारे कॅमेरा आपले आपण करतोच की, असे कोणी म्हणेल. करतो, हे खरे. तथापि त्याची एक खोड आहे. त्याला वाटते, जगातील प्रत्येक दृश्य सरासरीने मध्यम करडे असते. पांढऱ्या भिंतीसमोर तो म्हणतो, अतिशय उजेड आहे, कमी करा, आणि भिंत मळकट होते. काळ्या घोंगडीसमोर तो म्हणतो, फारच अंधार आहे, वाढवा, आणि घोंगडी राखाडी होते. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत अधिक आणि उणे अशा खुणांची एक पट्टी असते. पांढऱ्यासाठी अधिक एक, काळ्यासाठी उणे एक, एवढे शिकले तरी पुष्कळ काम झाले. मोबाइलमध्ये पडद्यावर हव्या त्या जागी बोट टेकले की उजेडाचे माप तेथले घेतले जाते, आणि शेजारी उमटणारे सूर्याचे चिन्ह वर-खाली सरकविता येते. आहुखान्यासमोर उभ्या असलेल्या त्या प्रवाशाने कमानीच्या आतील भिंतीवर बोट टेकले असते, तर नक्षी उमटली असती. आकाश पांढरे झाले असते ते झाले असते. आकाश काय, कोठेही मिळते.

याहून उत्तम उपाय म्हणजे वेळ बदलणे. जैनाबादचा तीर या दृष्टीने फार सोयीचा आहे. येथून पलीकडे पाहिले की बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्याचा तट आणि राजवाड्याचे अवशेष पाण्यावर उभे दिसतात. जैनाबाद नगराच्या आग्नेयेस आहे, त्यामुळे सकाळचे ऊन या तीरावरून पाहणाऱ्याच्या पाठीकडून येते आणि समोरच्या तटावर पडते. हिवाळ्यात सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासाभरात विटांचा रंग मधासारखा असतो, दगडांचे उंचवटे लांब सावल्यांनी उठून दिसतात आणि पाणी बहुधा निवांत असते. सायंकाळी हेच दृश्य उलटे होते. सूर्य नगराच्या अंगास उतरतो आणि तट केवळ काळी आकृती उरतो. तीही सुंदर असते, नाही असे नाही, पण तिच्यात भिंतीचा तपशील शोधू नये. मध्यान्हीचे ऊन वरून पडते, त्यात सारे सपाट आणि रखरखीत दिसते. त्या वेळी केळीच्या पानाखाली विसावावे. या भागात केळीच्या बागांना तोटा नाही.

ज्यांना काळोखाशी दोन हात करावयाचे आहेत त्यांच्यासाठी बऱ्हाणपुरातच दुसरी शाळा आहे. कुंडी भंडारा ही भुयारी पाण्याची व्यवस्था १६१५ च्या सुमाराची, अब्दुल रहीम खानखानाच्या सुभेदारीतील. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी विहिरीसारख्या कुंड्यांच्या रांगेतून आणि त्यांना जोडणाऱ्या बोगद्यातून नगराकडे आणलेले आहे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारशांच्या यादीत तिचे नाव घातले गेले. सुमारे ८० फूट खाली बोगद्यात भिंतींवर क्षारांचे पांढरे थर चढलेले आहेत आणि पायांशी पाणी वाहते. तेथे लहान कॅमेऱ्यातला फ्लॅश उडविला तर दहाबारा फुटांपर्यंतचा भाग चुन्यासारखा उजळतो आणि पलीकडे नुसते काळे भोक दिसते. त्याऐवजी फ्लॅश बंद करावा, संवेदनशीलता १०० अथवा २०० ठेवावी, कॅमेरा ट्रायपॉडवर टेकवून, दोन सेकंदांचा विलंब लावून खटका दाबावा, म्हणजे बोटाचाही धक्का लागत नाही. वेळ दोन सेकंद लागो की आठ, दगड काही पळून जात नाही. कुंडीच्या तोंडातून येणाऱ्या उजेडाचा झोत बोगद्यात कसा विरत जातो हे अशा चित्रातच दिसते. किल्ल्यातील हमामखान्याच्या छतावर रंगीत नक्षी अद्याप टिकून आहे. तेथेही हीच रीत. जमिनीवर कॅमेरा उताणा ठेवून छत टिपणे हा युक्तीचा भाग झाला, पण त्याने मान मोडत नाही हे नक्की.

माणसांची चित्रे हा निराळा विषय आहे, त्याविषयी येथे एकच गोष्ट. नदीच्या घाटावर धुणे धुणाऱ्या, स्नान करणाऱ्या बायका असतात, दर्ग्यात प्रार्थना करणारे लोक असतात. दूरच्या भिंगाने चोरून त्यांची चित्रे टिपण्याची जी सवय अलीकडे बोकाळली आहे ती शिष्टाचाराची नव्हे. ‘आजी, एक फोटो काढू का?’ एवढे विचारावयास फार वेळ लागत नाही. आणि आजी नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली ठेवावा.

जुन्या वास्तूचे चित्र काढताना नवशिका नेहमी एक चूक करतो. तो स्वतःस अथवा आपल्या कुटुंबास मधोमध उभे करतो आणि वास्तू मागे कोठेतरी कापली जाते. कुटुंबाचे चित्र जरूर काढावे, पण ते वेगळे. वास्तूचे चित्र निदान तीन अंतरांवरून हवे. एक दुरून, जेणेकरून ती कोणत्या जमिनीवर, कोणत्या झाडांत उभी आहे ते कळेल. एक समोरून, कॅमेरा वर न कलवता सरळ धरून, म्हणजे खांब आतल्या बाजूस पडल्यासारखे दिसणार नाहीत. जागा कमी पडल्यास मागे सरावे. आणि पुष्कळशी जवळून, जेथे भेग आहे, गिलावा निघाला आहे, मूळ धरलेले पिंपळाचे रोप आहे. त्या भेगेशेजारी एक फूटपट्टी धरावी. चित्र काहीसे कुरूप होईल खरे, पण दहा वर्षांनी भेग किती वाढली हे सांगणारा साक्षीदार तेवढाच असेल.

पावसाळ्याविषयी दोन शब्द. आपल्याकडे भिंगाचा मोठा शत्रू बुरशी आहे. चामड्याच्या पेटीत महिनोन्महिने बंद पडलेल्या भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि ते काढणे कठीण असते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात भिंगे ठेवावीत, पुड्या रंग बदलू लागल्या की वाळवाव्यात. नदीकाठच्या वाळूत भिंग बदलू नये. धूळ बसलीच तर आधी रबरी फुग्याने फुंकावी आणि मगच मऊ कापड लावावे. सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसण्याची सवय मात्र कायमची सोडावी.

आता राहिला प्रश्न काढलेली चित्रे ठेवण्याचा, आणि याच ठिकाणी अत्यंत काळजी घेणारी माणसेही बेफिकीर असतात. येथून जवळच, भुसावळ येथे, रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम १८४४ मध्ये त्याच्याकडे आले आणि त्यापायी त्याने आपल्या आयुष्याची वर्षांमागून वर्षे तेथे घालविली. त्याने रंगविलेल्या मोठमोठ्या नकला लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक जळून खाक झाल्या. प्रत्येकीची प्रत एकच होती! तथापि गिल मधल्या काळात छायाचित्रणही शिकला होता. त्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने निघाली होती. त्यांच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी होत्या, म्हणून ती राहिली. गिल १८७९ मध्ये वारला.

मोबाइल पाण्यात पडला, मेमरी कार्ड हरवले, संगणक बंद पडला, आणि त्यासरशी मुलीच्या लग्नाची अथवा वडिलांची शेवटची छायाचित्रे गेली, अशी हळहळ आज घरोघर ऐकू येते. चित्रांची एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी, भावाकडे म्हणा, मित्राकडे म्हणा, असावी. शिवाय निवडक पाचपन्नास चित्रांच्या कागदावर छापील प्रती काढून घ्याव्यात आणि मागे पेन्सिलीने स्थळ, तारीख व माणसांची नावे लिहावीत. कॅमेऱ्याचे घड्याळ आधी बरोबर लावून घ्यावे, नाहीतर यंत्रातच नोंदली जाणारी तारीख जन्मभर खोटी राहते.

जैनाबादेस जाणाऱ्याने पाऊस सरल्यावर, कार्तिकाच्या सुमारास, आकाश धुतलेले असताना जावे. आहुखान्यासमोर एक जागा निश्चित करून ती एखाद्या खुणेने वहीत टिपून ठेवावी, इमारतीपासून पावले मोजावीत, भिंगाचा आकडा आणि घड्याळातील वेळही लिहावी. पुढील वर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागेवर, तेच भिंग लावून उभे राहावे. दोन चित्रे शेजारी ठेवली की कोणता दगड गेला ते दिसेल.